वळणावरचा बहिर्वक्र आरसा

आमच्या गल्लीच्या वळणावर एक आरसा बसवावा, एवढंच माझं म्हणणं होतं. उड्डाणपूल बांधा असं मी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर तो एव्हाना झालाही असता, आणि फीत कापायच्या वेळी रायपूरच्या तात्यापाऱ्यातले निम्मे लोक फेटे बांधून पुढे उभे राहिले असते. क्षुल्लक गोष्ट मागणाऱ्या माणसाचे जे हाल होतात ते मोठं काही मागणाऱ्याचे कधीच होत नाहीत. ही गोष्ट भिकाऱ्यालाही ठाऊक असते. मला ती निवृत्त झाल्यावर कळली.

आमची गल्ली मुख्य रस्त्यावरून आत शिरते, सरळ आमच्या दारावरून पुढे येते आणि देवदत्तच्या घराचा कोपरा आला की काटकोनात डावीकडे वळते. वळणाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे कुमुदताई. रोज संध्याकाळी माझी बायको पद्मजा भाजीची टोपली घेऊन वळण ओलांडायची, कुमुदताईंच्या पायरीवर बसायची आणि दोघी मिळून भाजी निवडायच्या. मेथी, लाल भाजी, आणि काहीच नसलं तर आदल्या दिवशी निवडून झालेले तांदूळ. कुमुदताईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मागोमाग गुडघेही गेले. त्या पायरीच्या पुढे येऊ शकत नाहीत, म्हणून जायचं ते पद्मजानेच. दोघी काय बोलायच्या हे मी कधी विचारलं नाही. परत आली की स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू यायचं, एवढं मला माहीत आहे.

पूर्वी देवदत्तच्या घराचा कोपरा छाटलेला होता. बैलगाडी वळावी म्हणून जुन्या लोकांनी तो मुद्दाम तसा ठेवला होता. पलीकडून येणारं माणूस आधीच दिसायचं. देवदत्तचं पंडरीच्या बाजारात कापडाचं दुकान आहे आणि ते बरं चालतं. दुकान बरं चालायला लागलं की माणूस घराला हात लावतो. त्याने तो छाटलेला कोपरा भरून काढला आणि खाली देवघर, वर बाल्कनी असा एक टोकदार प्रकार गल्लीत आणून सोडला. नंतर एका संध्याकाळी पद्मजा टोपली घेऊन वळली आणि समोरून एक मोटरसायकल वळली. मेथी गल्लीभर झाली. पद्मजाचं मनगट मोडलं.

मनगट जुळलं. भीती जुळली नाही. प्लास्टर निघाल्यावर ती टोपली घेऊन निघायची, वळणापर्यंत जायची, कान टवकारून उभी राहायची आणि परत यायची. हल्ली त्या बॅटरीच्या स्कूट्या निघाल्यात, त्यांना आवाजच नसतो. "मले काही ऐकूच येत नाही हो," ती म्हणायची. "भेव लागते." फोनवर बोल म्हटलं, तर म्हणाली, "फोनवर मेथी निवडता येते काय?"

यावर तिने स्वतःच एक उपाय सुचवला होता. तो इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे. ती म्हणाली, "तुमी वळणावर उभे राहत जा ना. तिथून दोन्हीकडचं दिसते. मले हात दाखवा, मी जाते. दोन मिनिटाचं काम."

मी हसलो. एका मोठ्या कॉलेजच्या गणित विभागाचा प्रमुख म्हणून मी निवृत्त झालो आहे. आता मी गल्लीच्या कोपऱ्यावर हात वर करून उभं राहायचं? देवदत्तच्या कोपऱ्याखाली? लोक शिट्टी आणून देतील. "पद्मजा," मी म्हटलं, "हा तात्पुरता उपाय झाला. हा प्रश्न शास्त्रीय आहे. मी तो मुळापासून सोडवतो." ती "बरं" म्हणाली आणि मेथी घेऊन आत गेली.

आता मुळाशी जायचं तर बहिर्वक्र म्हणजे काय हे सांगावं लागतं, आणि ते ऐकून घ्यायला रायपुरात कोणी तयार नाही. लोकांच्या मते बहिर्वक्र म्हणजे बाहेरच्या बाजूला फुगलेलं. भिंगाचं पोट, टम्म पुरी, निवृत्त प्राध्यापक. गणिताला फुगण्याशी कर्तव्य नाही. गणित एकच विचारतं. आकृतीच्या आतले कुठलेही दोन बिंदू घ्या, सरळ रेषेने जोडा. ती रेषा सबंध आतच राहते का? राहिली, तर आकृती बहिर्वक्र. जेवणाचा पाट बहिर्वक्र आहे, त्याला कुठे पोट नाही. करंजी बहिर्वक्र आहे, चंद्रकोर नाही. आतल्या कुणालाही आतला दुसरा कुणीही सरळ दिसला पाहिजे, मध्ये भिंत येता कामा नये, एवढीच त्या शब्दाची अपेक्षा आहे. आमची गल्ली बहिर्वक्र नाही. पद्मजा एक बिंदू, कुमुदताई दुसरा बिंदू, आणि मधली रेषा देवदत्तच्या देवघरातून जाते.

म्हणून मी आधी देवदत्तकडे गेलो. माझ्याहून लहान आहे, शाळेत असताना माझ्याकडे गणित सोडवून घ्यायला यायचा. म्हटलं, देवदत्त, कोपरा पूर्वीसारखा छाटून घे.

"सरजी, असं कसं बोलून राहिले तुमी?" तो म्हणाला. "ईशान्य कोपरा आहे तो. वास्तुवाल्यानं खास सांगितलं, ईशान्य वाढली का बरकत वाढते."

"अरे, तुझ्या घराचा जो कोपरा बाहेर आला, तोच गल्लीच्या अंगात घुसला. तुझं घर तिथे बहिर्वक्र झालं म्हणून गल्ली तिथे तशी राहिली नाही. एकाच भिंतीच्या दोन बाजू आहेत."

"हव," तो म्हणाला. "पण आतली बाजू माझी आहे ना?"

 मी घरी येऊन पुष्कळ विचार केला.

तेव्हा आरसा. जागा बहिर्वक्र नसली की आरसा बहिर्वक्र लागतो, तो पोटाळ, घाटात वळणावर लावतात तो. वळणाच्या बाहेरच्या कोपऱ्यात, बरोबर देवदत्तच्या समोर, खांब रोवून त्यावर तो लावला की अलीकडच्याला पलीकडचं दिसतं. मी पद्मजाला सांगितलं, चैत्रगौरीची डाळ आणि पन्हं घेऊन तू एकटी वळण ओलांडून कुमुदताईंकडे जाशील. तिने माझ्याकडे बघितलं. मी शब्द देतो तेव्हा ती अशीच बघते.

गल्लीची विकास समिती आहे. तिचा अध्यक्ष नीलेश, जमिनींची दलाली करतो आणि बोलताना सतत दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो. समितीची सभा देवदत्तच्या बाल्कनीखालीच भरली, कारण गल्लीत सावली तिथेच असते. मी तयारीने गेलो होतो. सुतळीचं एक टोक आमच्या बाजूला एकाच्या हातात दिलं, दुसरं पलीकडच्या बाजूला दुसऱ्याच्या हातात, आणि म्हटलं, ताणा. सुतळी ताणली आणि देवदत्तच्या कोपऱ्यावर घासली. "बघा!" मी म्हटलं. "रेषा बाहेर गेली!"

सगळ्यांनी बघितलं. मग प्रत्येकाने सल्ला दिला. एकजण म्हणाला गतिरोधक करा, दुसरा म्हणाला गतिरोधकाने कंबर जाते. एकाने 'हॉर्न दें' असं भिंतीवर लिहायला सांगितलं. नीलेशने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सरजी, भिंतीवर मारुतीचा फोटो लावा. लोक हात जोडाले हळू होतात." हात जोडायला हँडल सोडावं लागेल, हे मी त्याला सांगितलं. त्याने दुसरा हात दुसऱ्या खांद्यावर ठेवला. शेवटी नीलेशने वरच्या कार्यालयात अर्ज देण्याचा ठराव केला आणि अर्ज मी द्यावा असंही त्यातच घातलं. सुतळी कोणी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी देवदत्तच्या बायकोने, सुशीलाने, तिच्यावर टॉवेल वाळत घातले होते.

घरी माझा मुलगा शिशिर म्हणाला, "पापा, इतना टेन्शन काहे का? मम्मी को मैं बाइक पे छोड़ दूँगा ना." मोटरसायकलला घाबरलेल्या बाईला मोटरसायकलवर नेणं, हा त्याचा उपाय. तो नव्या रायपुरात नोकरीला आहे, अंधार पडल्यावर घरी येतो, आणि मराठी समजूनही उत्तर हिंदीत देतो. कुमुदताई तेव्हा जेवायला बसलेल्या असतात.

कार्यालयाचं नाव मी सांगणार नाही. माझा एक अर्ज अजून तिथे आहे, त्याच्या जिवाला धोका नको. पहिल्यांदा कळलं की वळणावरचा विजेचा खांब वीजवाल्यांचा, म्हणून त्याला आरसा लावता येत नाही. नवा खांब रोवायचा तर जमीन कुणाची ते ठरलं पाहिजे. जमीन ठरली तेव्हा पावसाळा लागला, पावसात खड्डा खणत नाहीत. पावसाळा संपला तेव्हा निवडणूक लागली, आचारसंहितेत तर खड्डा बुजवतसुद्धा नाहीत. निवडणूक संपल्यावर साहेबांची बदली झाली. नव्या साहेबाने मला पाहिल्याबरोबर खुर्चीतून उठून वाकून नमस्कार केला. "सर! पहचाना? आप ही की कृपा से पास हुआ था."

त्या कृपेची फेड मला अशी मिळाली. त्याने फाईल वाचली, कपाळाला हात लावून विचार केला आणि म्हणाला, "सर, आपने उत्तल दर्पण लिखा है. मगर गली तो अंदर को मुड़ी है. दर्पण भी अंदर को मुड़ा हुआ चाहिए. मॅचिंग का."

उत्तल म्हणजे हिंदीत बहिर्वक्र. मी त्याला समजावलं. गल्लीचा आकार वेगळा, आरशाचा वेगळा, जोडी जमवायची नसते. त्याने मान हलवली. माझ्या वर्गातही तो अशीच मान हलवायचा, हे मला उशिरा आठवलं.

आरसा आला तो परातीसारखा आत दबलेला, मोठा थोरला. कुठल्याशा सौर चुलीच्या योजनेतला उरलेला असावा असं दिसत होतं. खांबावर आधी पाटी चढली. वर पार्षदांचं, म्हणजे नगरसेवकांचं नाव, खाली नीलेशचं, त्याखाली 'सौजन्य' म्हणून देवदत्तच्या दुकानाचं. ज्याच्या कोपऱ्याने हे सगळं झालं त्याचं सौजन्य! माझं नाव नव्हतं. मला नावाची हाव नाही, पण पाटीवर जागा होती, एवढंच म्हणतो.

नारळ फुटला, पडदा निघाला आणि गल्लीने आरशात बघितलं. सगळी गल्ली उलटी. मोटरसायकली चाकं वर करून येत होत्या, पार्षदांचे पाय आभाळात होते, गाय उलटी होऊन रवंथ करत होती. नीलेशने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "सरजी, हेच गणित काय?" मी ओरडून सांगत होतो की हा मी मागितलेला आरसाच नाही. टाळ्यांत कोणाला ऐकू गेलं नाही.

हेही एक वेळ चाललं असतं. पण तो आरसा नैर्ऋत्येला तोंड करून होता, आणि दुपारचं ऊन त्याच्यात बरोबर भरायचं. भरायचं आणि एका ठिकाणी गोळा व्हायचं. ते ठिकाण म्हणजे देवदत्तची बाल्कनी. सुशीलाने तिथे लग्नाला नेसायची साडी वाळत घातली होती. दुपारी ती साडी धुरायला लागली. पदराला गोल भोक पडलं, कडा काळ्या.

"सरजीनं गणित लावून जाळली!" सुशीला गल्लीच्या मधोमध साडी हातात धरून म्हणत होती. "कोपरा नाही तोडला म्हणून सूड घेतला! काहून असं केलं सरजी? मले सांगून तर पाहाचं होतं!" देवदत्तही दुकानातून आला. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तिच्यात भीती होती, आणि थोडा आदरही होता. आयुष्यभर गणित शिकवून मला तो आदर मिळाला नव्हता. पण पद्मजा दारात उभी राहून ऐकत होती, आणि मला मान वर करवेना.

चैत्र येऊन गेला. पद्मजा वळणापलीकडे गेली नाही. आंब्याची डाळ आणि पन्हं शिशिरच्या हाती कुमुदताईंकडे पाठवलं. त्याने परत येऊन सांगितलं, "आंटी पूछ रही थीं, तुम्हारा सही वाला आईना कब लगेगा."

साडी जळल्यामुळे एक झालं, कार्यालयाने आरसा बदलला. या कामी देवदत्तने जोर लावला, त्यामुळे लवकर झालं. असल्या गोष्टी मला आता कळतात. खरा, पोटाळ, बहिर्वक्र आरसा आला. मी स्वतः खाली उभं राहून कोन बघितला. आमच्या बाजूने कुमुदताईंची पायरी दिसत होती, पायरीवर कुमुदताई दिसत होत्या. मी घरी जाऊन पद्मजाला म्हटलं, "चल."

तिने मेथी घेतली. साडी बदलली होती, हे माझ्या लक्षात आलं. वळणाच्या अलीकडे उभी राहून तिने आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. "कुमुद किती लांब दिसून राहिली हो," ती म्हणाली.

मी म्हटलं, तसंच असतं. या आरशात वस्तू लहान दिसते म्हणून लांब वाटते, खरी जवळच असते. सगळी गल्ली एका ताटात बसवायची तर लहान करावीच लागते. तिने मान डोलावली. आरशात एक स्कूटी येताना दिसत होती, अगदी दूर, मुंगीएवढी. "ती लांब आहे ना?" तिने विचारलं आणि पाऊल टाकलं.

स्कूटी लांब नव्हती. मी पद्मजाचा दंड धरून तिला मागे ओढलं, स्कूटी तिच्या पदराला घासून गेली आणि स्कूटीवरची पोट्टी ओरडली, "आंटी, देखके!" पद्मजा भिंतीला टेकून उभी राहिली. "आरशात तर लांब होती," ती हळूच म्हणाली. मग वळली आणि घरी गेली. त्या रात्री आम्ही मेथी न निवडताच ठेवून दिली. मी कुणावर रागवावं ते मला कळेना. आरशाने काही चूक केली नव्हती. पुस्तकात लिहिलंय तसंच तो वागला होता.

नंतर पद्मजाने आरसा वापरला नाही. बाकी सगळ्यांनी वापरला. गल्लीतले पोट्टे वळणावर गाडी थांबवून भांग पाडायचे. त्यांच्यामागे दुसऱ्या गाड्या थांबायच्या. नजर लागेल म्हणून कुणीतरी बरोबर मधोमध लिंबू-मिरची लोंबवली. सुशीलाचं म्हणणं निघालं की त्यांच्या दारात कोण येतं कोण जातं ते सगळ्या गल्लीला दिसून राहिलं. एक दिवस तिने झाडूच्या दांड्याने आरसा वर ढकलला. त्यानंतर त्यात आभाळ दिसायचं. ढग आले की आम्हाला सर्वांच्या आधी कळायचं.

मी त्याचा कोन सुधारावा म्हणून आणखी एक अर्ज दिला. जिवाला धोका आहे म्हणालो तो हाच.

अशात एका सकाळी शिशिर म्हणाला, "पापा, कुमुद आंटी शिफ्ट हो रही हैं. राजस ने तेलीबांधा में फ्लॅट ले लिया. लिफ्ट है, गॅलरी से तालाब दिखता है." राजस म्हणजे कुमुदताईंचा मुलगा. मी पद्मजाकडे बघितलं. ती पोळी लाटत होती. पोळी लाटून तव्यावर टाकली, उलटली, आणि म्हणाली, "बरं झालं. तिच्या गुडघ्याले लिफ्टच पाहिजे होती." ती पोळी करपली.

सामान न्यायला टेम्पो आला. रिकामा असताना तो कसाबसा वळून आत गेला होता, आता भरून निघाला तो वळेना. पुढचं चाक देवदत्तच्या कोपऱ्याला, मागचं अंग खांबाला. नीलेश खांद्यावर हात ठेवायला खांदा शोधत होता. देवदत्त ओरडत होता, "कोपऱ्याले लागू नको देऊ! देव आहेत आत!" सगळे मिळून ड्रायव्हरला एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे घ्यायला सांगत होते. तो खिडकीतून मान काढून शांतपणे छत्तीसगढीत म्हणाला, "नइ मुड़य बबा." आणि त्याने टेम्पो मागे घेतला.

कुमुदताईंचं कपाट सगळ्यात मागे बांधलेलं होतं. ते खांबाला लागलं. खांब वाकला, आरसा खाली आला. काच नव्हती, कसलंसं प्लास्टिक होतं, पण फुटायचं ते फुटलंच. पाटी तेवढी शाबूत राहिली.

टेम्पो हलला, तिढा सुटला आणि अडलेल्या गाड्या दोन्हीकडून एकदम घुसायला लागल्या. कुमुदताई पलीकडे ऑटोत बसून होत्या. अलीकडे पद्मजा उभी होती. तिच्या हातात ताट होतं, ताटात खण, नारळ आणि तांदूळ. ती वळणाशी येऊन थांबली. रोजच्या जागी. ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, त्याला मागे फिरून दुसऱ्या तोंडाने निघायची घाई होती.

मी वळणात जाऊन उभा राहिलो. ठरवून नाही गेलो. वाकलेल्या खांबाखाली उभा राहिलो आणि मला एकाच वेळी दोघी दिसल्या. डावीकडे पद्मजा, उजवीकडे कुमुदताई. मला खूप राग आला. कारण हे मी दरवर्षी फळ्यावर काढत होतो. आकृती बहिर्वक्र नसेना का, अशा वाकड्या आकृतीतही एखादी जागा असते, तिथून आतला प्रत्येक बिंदू सरळ दिसतो. आमच्या गल्लीत ती जागा वळण ही आहे. पद्मजाने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फळा न वापरता.

मी दोन्ही हात वर केले. एक मोटरसायकल माझ्या गुडघ्याशी येऊन थांबली. "काका, साइड!" तो म्हणाला. मी म्हटलं, "नहीं." असा आवाज मी वर्गातही काढला नव्हता. मग मी पद्मजाकडे बघून हात हलवला, आणि ती आली. माझ्याकडे न बघता समोरून गेली, ताट सांभाळत, सरळ ऑटोपर्यंत.

वर बाल्कनीतून सुशीला म्हणाली, "वहिनी, कुमुदताईची ओटी? अशी भरते काय?" म्हणायचं ते तिने पूर्ण म्हटलं नाही, पण गल्लीला समजलं. पद्मजाने वर बघितलं. "हव," ती म्हणाली. "भरते." आणि तिने कुमुदताईंच्या पदरात नारळ ठेवला, खण ठेवला, तांदूळ घातले. कुंकवाचं बोट तिने त्यांच्या कपाळाला लावलं. कुमुदताईंनी मान मागे नेली नाही.

"तेलीबांधा काही लांब नाही," कुमुदताई म्हणाल्या.

"नाही ना," पद्मजा म्हणाली. "गावातच तर आहे."

दोघींना माहीत होतं. एकीला पायरी उतरवत नाही, दुसरीला रस्ता ओलांडवत नाही. ऑटो मागे फिरली आणि गेली. माझे हात अजून वरच होते, आणि मोटरसायकलवाला मला काहीतरी म्हणत होता, जे मी लिहिणार नाही.

परत येताना पद्मजा माझ्याजवळ थांबली. "दोन मिनिटाचंच काम होतं," ती म्हणाली. रागाने म्हणाली नाही. 

आता मी रोज संध्याकाळी वळणावर उभा असतो. पोरं विचारतात, "काका, आईना कहाँ गया?" आणि गाडीच्या आरशात भांग पाडून घेतात. नीलेशने शिट्टी आणून दिली. देवदत्त दुकानातून लवकर आला की ओट्यावर बसून माझ्याकडे बघत राहतो. परवा म्हणाला, "सरजी, तुमी असे उभे राहूनच राहिले, तर मंग आरसा काहून लावला होता? माझ्या घरच्या बाईची फुकट साडी जळली." 

उन्हं उतरली की पद्मजा टोपली घेऊन येते. मी दोन्हीकडे बघतो, हात दाखवतो, आणि ती वळण ओलांडून कुमुदताईंच्या पायरीवर जाऊन बसते. दाराला कुलूप आहे. ती एकटीच मेथी निवडते, काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला, आणि अधूनमधून पायरीवर शेजारी थोडी सरकते. मला वळणावरून ते सगळं दिसतं. मेथी संपेपर्यंत मी तिथेच उभा असतो.